काहीही आण गं, चालेल

परवा शनिवारी आमच्याकडे पॉटलक झालं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ सगळ्यांसाठी करून आणायचा. एकोणीस माणसं, चौदा मोठी आणि पाच पोरं, आणि रात्री साडेअकराला सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर ओटा रिकामा, सिंकमधे दोनच पातेली, आणि मी स्वतः पोटभर जेवलेली, तेही गरम आणि बसून! ज्यांच्या घरी कधी वीस माणसं एकदम जेवलीयेत त्यांनाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे ते. दोघीतिघींनी विचारलं की तू या वेळी नेमकं केलंस काय, म्हणून लिहून काढतेय. नावं कुणाचीच घेणार नाहीये, ग्रुप तसाही हळवा आहे.

आधी चार वर्षांपूर्वीचं पहिलं पॉटलक सांगते, कारण सगळी अक्कल तिथून आलीय. तेव्हा मी ग्रुपवर मोठ्या मनाने टाकलं होतं, "काहीही आणा, चालेल." एकवीस थम्स अप आले. आणि शनिवारी काय काय आलं ऐका. गुलाबजाम तीन घरांतून, दोन पाकिटाचे आणि एक घरचे. पावभाज्या दोन, पण पाव एकाही घरातून नाही कारण दोघींनाही वाटलं की दुसरी आणेलच. एक मोठ्ठं भांडंभर कोशिंबीर. भात नाही. पोळ्या सात, एका भल्या बाईने डबा रिकामा जायला नको म्हणून घातलेल्या. आणि जे जे काही आलं ते सगळं गरम करायचं होतं! आमच्या गॅसला तीन बर्नर. पावभाजीची दोन पातेली, एक छोले, एक सूप, एक पनीरचं काहीतरी, आणि ओट्यापाशी रेशनच्या दुकानासारखी रांग. मग कुणीतरी म्हणालं अगं इंडक्शन लाव की. लावलं. मायक्रोवेव्ह चालूच होता. आणि तेवढ्यात एका उत्साही माणसाने चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली. ठप्प.

नंतर नवऱ्याने मला हिशोब समजावून सांगितला, जेव्हा मला तो अजिबात ऐकायचा नव्हता. किचनच्या लाइनला १६ अँपिअरचा एमसीबी, तोच तो आपोआप पडणारा खटका, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॅट. इंडक्शनच एकटं २,०००, मायक्रोवेव्ह १,३०० च्या आसपास ओढतो, किटली १,५००. झाले की पावणेपाच हजार. मग खटका पडणारच. मी मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून छोले ढवळतेय आणि बाहेर हॉलमधे सगळे भेंड्या खेळायला बसलेत, हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. नवरा साडेनऊला पाव आणायला गेला. मी रात्री पावणेबाराला गार पावभाजी आणि सहा गुलाबजाम खाल्ले, गुलाबजाम रागाने.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या अंगतपंगतीत कधी कमी पडलं नाही बाई." तेव्हा मला तो टोमणा वाटला, पण नंतर भांडी घासताना विचार करत बसले आणि पटलं की पॉटलक हे अंगतपंगतीचं नवं नाव आहे असं आपण म्हणतो ते तितकंसं खरं नाहीये. अंगतपंगतीत प्रत्येक जण आपला आपला डबा आणतो, आपल्यापुरतं पूर्ण जेवण, पोळीभाजी लोणचं दहीभात जे असेल ते, आणि ते मधे ठेवून एकमेकांचं खातात. म्हणजे वीस माणसं आली की वीस माणसांचं जेवण आपोआप आलं, हिशोब करायलाच नको. शेतावर, शाळेत मधल्या सुट्टीत, ट्रेनमधे, सगळीकडे हेच. पॉटलकमधे एक माणूस एकच पदार्थ आणतो, पण सगळ्यांसाठी. मग कुणीतरी हिशोब करावाच लागतो, आणि तो नाही केला की होतात तीन गुलाबजाम आणि शून्य भात. आणि हिशोब एकाच माणसाने करायचा. ग्रुपवर मतदान घेऊन पॉटलक ठरत नाही, मी दोनदा प्रयत्न केलाय.

म्हणून आता माझी एक वही आहे. दुरेघी, पोराची उरलेली. दर पॉटलकला दोन पानं.

वहीत पहिली ओळ तारखेची. यात हसण्यासारखं काही नाही, दुसऱ्या पॉटलकला आम्ही शनिवार धरला आणि तो निघाला संकष्टीचा. पाच जणांचा उपास. चतुर्थीचा चंद्र पौर्णिमेनंतर चौथ्या दिवसाचा, तो उगवणार नऊ वाजून गेल्यावर, आणि तोपर्यंत पाच भुकेली माणसं बाकीच्यांना मिसळ खाताना बघत सोफ्यावर बसलेली, त्यातली एक दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन पूर्वेकडे बघून येणारी, आणि त्या दिवशी नेमके ढग. कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळसुद्धा छापलेली असते हो! पण आपण बघतो फक्त शनिवार आहे का एवढंच. तर आता संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावण, सगळं आधी बघते. या वेळी संक्रांतीनंतरचा शनिवार धरला. संक्रांतीनंतरचाच का ते पुढे येईल.

दुसरी ओळ, कोण काय खात नाही. आमच्यात दोन घरं पक्की शाकाहारी, एकीला वांग्याने घशाला खाज सुटते, आणि एकीच्या आठ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, साधीसुधी नाही, एकदा रात्री हॉस्पिटलमधे न्यावं लागलंय. आता मराठी स्वयंपाकघरातून शेंगदाणा काढून दाखवा! मला तोपर्यंत जाणीवच नव्हती की आपण कूट किती ठिकाणी घालतो. काकडीची कोशिंबीर, कूट. भरली वांगी, कूट. ठेचा, दाणे. खानदेशी भरीत, दाणे. पालेभाजीत दाणे, साबुदाण्यात तर विचारूच नका, आणि गुळपोळीच्या सारणातही बऱ्याच घरी तिळाबरोबर थोडं कूट असतंच. आत्तापर्यंत त्याची आई प्रत्येक वेळी त्याचा वेगळा डबा आणायची आणि तो बिचारा कोपऱ्यात बसून ती चीज सँडविचेस खायचा. या वेळी मी सगळ्यांना सांगितलं, कूट नाही, शेंगदाण्याचं तेलही नाही, आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट करता ते भांडंही वापरू नका. एक सेकंद शांतता. मग एकीचा मेसेज, "म्हणजे कोशिंबिरीत घालू काय???" तीन प्रश्नचिन्हं. ओलं खोबरं घाल म्हटलं. घातलं तिने, आणि छान झाली होती, पण ती अजून मान्य करत नाहीये.

आता मुख्य भाग, वाटप. इथे माझं मत स्पष्ट आहे, "तुला काय आणायला आवडेल" असं विचारायचं नाही. मी विचारते कोण कुठे राहतं, कशाने येतं, आणि किती वाजता *खरंच* येतं. पदार्थ यावरून ठरतो. आमच्याच बिल्डिंगमधे चौथ्या मजल्यावर राहणारी जी आहे तिला मसालेभात. का, तर ती सव्वाआठला कुकर... सॉरी, पातेलं चढवणार (मसालेभात कुकरात केलेला तिला चालत नाही, यावर एक वेगळा लेख होईल) आणि नऊला लिफ्टने वाफाळता भात खाली. ना गरम करायचा, ना ने-आण. शिवाय आमच्या ग्रुपातली डॉक्टर भाताच्या बाबतीत फार कडक आहे. तिचं म्हणणं, शिजलेला भात बाहेर दोन तासांच्या वर ठेवूच नका, तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. हे तिने पहिल्यांदा सांगितलं ते नेमकं भात वाढताना, पण ते असो. तर जे जवळ राहतात त्यांना गरम पदार्थ, लांबून येणाऱ्यांना गार किंवा मुरलेला.

आणि जे उशिरा येतात त्यांना गोड. आमच्यात एक जोडपं आहे, आठची वेळ दिली की पावणेनऊ. वीस वर्षं झाली, लग्नालाही स्वतःच्या उशिरा आले असतील. पूर्वी त्यांच्याकडे स्टार्टर दिलं होतं एकदा, म्हणजे चूक माझीच. आता त्यांना गुळपोळी. गुळपोळी म्हणजे पॉटलकसाठीच जन्मलेला पदार्थ आहे, दोन दिवस आधी करून ठेवता येते, उलट मुरून चांगली लागते, गरम करावी लागत नाही, डब्यात आडवी उभी कशीही राहते, सांडत नाही. वर तूप घातलं की झालं. म्हणून संक्रांतीनंतरचा शनिवार. तिने तीस पोळ्या केल्या, सारणात फक्त तीळ, खसखस आणि भाजलेलं बेसन, आणि गूळ कडेपर्यंत गेलेला, एकही पोळी फुटून तव्यावर गूळ करपलेला नाही. हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीय की पारी आणि गूळ दोन्ही सारखेच मऊ नसले की काय होतं. आली पावणेनऊलाच. कुणाचं काही अडलं नाही.

ज्याला चहासुद्धा येत नाही असा एक आमच्यात आहेच, तुमच्यातही असेल. त्याला पूर्वी आम्ही "तू फक्त ये रे" म्हणायचो आणि तो दोन लिटर कोल्ड्रिंक घेऊन यायचा. हा माणूस म्हणजे खरं तर सोनं आहे, त्याला वेळ असतो. या वेळी भाकऱ्या त्याच्याकडे. पुण्यात पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, आदल्या दिवशी सांगितलं की ज्वारीच्या, बाजरीच्या हव्या तितक्या भाकऱ्या मिळतात, वीस माणसांच्या भाकऱ्या घरात थापायच्या म्हणजे एक बाई अख्खी संध्याकाळ तव्यासमोरून हलत नाही आणि मग ते पॉटलक राहत नाही. आणि दुसरं काम त्याला दिलं ओल्या हरभऱ्याच्या जुड्या. हे मात्र मी माझं डोकं चालवलं. स्टार्टर म्हणून तळणं, टिक्क्या, चटण्या वगैरे काही नाही, गच्चीत चटईवर पेपर पसरून आठ जुड्या हरभरा टाकला. लोक येतात, बसतात, घाटे सोलतात, खातात, गप्पा मारतात, हात बिझी, तोंड बिझी, आणि कुणीही किचनमधे येऊन "मी काही मदत करू का गं" विचारत नाही. पाऊण तास कसा गेला कळलंच नाही. पोरं तर सोललेल्या हरभऱ्यांच्या ढिगावर पैज लावत होती.

वाटप ठरलं की प्रत्येकाला वेगळा मेसेज, ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकलेलं सगळ्यांचं असतं म्हणजे कुणाचंच नसतं. मेसेज असा: "कढी. दोन लिटर. किटलीत आण, पातेल्यात नको. वाढायचा डाव बरोबर. पावणेआठ." बस. इमोजी नाही, नाहीतर लोकांना वाटतं चर्चेला वाव आहे. डावाचं मुद्दाम लिहिते कारण नऊ पदार्थ आले की नऊ डाव लागतात, आणि कुठल्याही घरात वाढायचे डाव चार असतात, पाचवा सापडतो तो पोराच्या खेळण्यात.

आणि हा कढीचा मेसेज मी मैत्रिणीला न पाठवता तिच्या नवऱ्याला पाठवला. हे जरा थांबून सांगते. मागची दोन पॉटलकं माझ्या घरचा ताण कमी झाला खरा, पण मग लक्षात आलं की तो कमी झाला नाहीये, वाटला गेलाय, सात घरांतल्या सात बायकांमधे. शनिवारी दुपारी सातही जणी आपापल्या ओट्याशी, आणि सात नवरे "निघायचं का?" विचारत गाडीची चावी फिरवत उभे. म्हणून या वेळी सातपैकी चार मेसेज नवऱ्यांना गेले. एकाने लगेच बायकोला फॉरवर्ड केला, तिने तो मला परत पाठवला, मी त्याला परत पाठवला. कढीवाल्याने मला तीनदा फोन केला. बेसन किती, ताक आंबट आहे तर चालेल का, आणि तिसरा फोन नुसता "ही फुटते म्हणजे काय होतं?" मी म्हटलं बेसन आधी ताकात गुठळ्या न होता कालव, मग मंद गॅसवर ठेव आणि पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नकोस, फोन ठेव आणि ढवळ. कढी आली. आलं जरा, म्हणजे बऱ्यापैकी, जास्त होतं. सगळ्यांनी दोनदा घेतली. त्याची बायको हरभरे सोलत बसली होती, मी तिला इतकं निवांत पहिल्यांदा बघितलं.

गॅसचा नियम एकच, तीन बर्नरवर तीन पातेली, चौथं आलं तर ते गारच खायचं. मेनू त्यावरूनच ठरवलेला होता. कढी एक, मटणाचं एक, पांढरा रस्सा एक. बाकी भरीत, ठेचा, कोशिंबीर, गुळपोळी यांना गरम करावं लागतच नाही, भात गरमच येणार. मायक्रोवेव्हवर मी चक्क टॉवेल टाकून ठेवला होता.

पांढरा रस्सा आणणारी आमची कोल्हापूरची, राहते हडपसरच्या पुढे आणि येते स्कूटरवर, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे तिला रस्सा द्यायलाच नको होता. पण पांढरा रस्सा दुसऱ्या कुणी करून तिच्यासमोर ठेवायचा म्हणजे भांडणाला आमंत्रण. तिनेच तोड काढली, रस्सा कुकरमधून आणला. झाकण लावलेलं, रबर घट्ट, शिट्टी बसवलेली, कुकर दोन पायांच्या मधे फुटबोर्डवर, एक थेंब सांडला नाही. आणि कुकर तसाच गॅसवर जातो, भांडं बदलायला नको. फक्त आल्यावर आधी शिट्टी उचलायची, नाहीतर गार होताना झाकण असं धरून बसतं की दोन पुरुष लागतात. आणि झाकण काढून मंद गॅसवर, कारण नारळाचं दूध खळाखळा उकळलं की फाटतं. हे ती स्वतः ओट्याशी उभी राहून तीनदा म्हणाली, आणि दुसऱ्या कुणाला डाव हातात घेऊ दिला नाही.

मटणावरून पैशाचं बोलते, कारण हे कुणी बोलत नाही आणि मग मनात राहतं. एक जण दोन किलो मटण आणतो, आठशेच्या आसपासचा भाव धरला तरी मसाला सोडून सोळाशे गेले, आणि दुसरा आणतो कोथिंबीर-लिंबू. मी एरवी वर्गणीच्या विरोधात आहे, मित्रांच्या जेवणात पावत्या फिरायला लागल्या की मजा जाते. पण मटण अपवाद. मटणाचे पैसे खाणाऱ्या दहा जणांत वाटले, त्याच रात्री यूपीआय झालं, विषय संपला. शाकाहाऱ्यांचं टेबल वेगळं, डाव वेगळे, आणि त्यांचं आधी वाढलं.

किती करायचं याचं एक सांगते. प्रत्येक जण "एकोणीस माणसं आहेत" हे ऐकून एकोणीस जणांचं पोटभर करून आणतो आणि म्हणून प्रत्येक पॉटलकला शेवटी कुणीही न्यायला तयार नसलेलं भाताचं पातेलं उरतं. अहो, ताटात आठ पदार्थ आहेत, माणसाचं पोट एकच आहे. नुसत्या भातावर जेवायचं असेल तर मी माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरते, पण समोर भाकरी आणि भरीत असताना ५० ग्रॅम पुरे. म्हणजे १९ जणांना किलोभर तांदूळ. चौथ्या मजल्याला हे पटेना, ती दोन किलोवर अडून बसली, "उरलं तर उरलं, कमी पडायला नको." आपल्याकडे कमी पडणं म्हणजे खानदानाची अब्रू. शेवटी मी म्हटलं कमी पडलं तर माझं नाव सांग. सव्वा किलोवर तोडपाणी झालं, उरला एक डबा. भाकऱ्या सव्वीस सांगितल्या, तीन उरल्या. भरीत मात्र उरलं नाही आणि ते उरणारही नव्हतं.

कारण भरीत आमच्या जळगावकराने केलं होतं. वांगी तिकडून रात्रीच्या बसने मागवलेली, ती हिरवी, पांढरट रेघांची, जळगावच्या भरताच्या वांग्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे हे तो दर वेळी न चुकता सांगतो, जणू त्यानेच मिळवलं. तिकडे वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. सिंहगड रोडवर पऱ्हाट्या कुठून आणणार, तर गच्चीत लोखंडी घमेल्यात कोळसे पेटवले. सोसायटीच्या चेअरमनना आधी विचारलं होतं, आणि अर्थातच जेवायला बोलावलं होतं. चार किलो वांगी एकेक करून निखाऱ्यावर ठेवली, साल तडकून काळी पडली की देठाला धरून फिरवायचं, आतून शिटी वाजल्यासारखा बारीक सूं आवाज येतो तेव्हा झालं. त्याच्याकडे आजीची लाकडी बडगी आहे, नावेच्या आकाराची, खोलगट. त्यात लसूण, हिरव्या मिरच्या, मीठ आधी ठेचलं, मग सोललेली वांगी, आणि तो ठेचत बसला तो वीस मिनिटं, मिक्सर म्हटलं असतं तर उठून गेला असता. वर कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी. तळलेले दाणे या वेळी नाहीत. तो आधी म्हणाला होता की दाण्याशिवाय भरीत म्हणजे नुसतं वांगं, पण मग त्याने स्वतःच बडगी दोनदा गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून आणली होती, कारण तिच्यात वर्षानुवर्षं दाणे ठेचलेत. तरी लाकडाचा भरवसा नको म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी पोरासाठी दोन वांगी वेगळ्या स्टीलच्या भांड्यात करायला लावली, आणि तेच बरोबर होतं.

त्या पोराने ताट घेतलं. सगळ्यांसारखं, ओळीत उभं राहून. भाकरी, भरीत, कोशिंबीर, भात, कढी, पोळी. प्रत्येक पातेल्याशी थांबून त्याने आईकडे बघितलं, ती मान हलवायची, मग तो वाढून घ्यायचा. सहा वेळा. पोळीवर तूप त्याने स्वतःच दोन चमचे घातलं आणि तेव्हा नाही विचारलं.

बाकी म्हणजे सजावट, गाणी, गेम्स वगैरे मी काही केलं नाही. ताटं गणपतीची, सोसायटीच्या कपाटातली पंचवीस, जेवल्यावर आपलं ताट आपण विसळायचं, चेअरमननी पण विसळलं. पाण्याचे दोन जार, ग्लासवर ज्याचं त्याचं नाव लिहायला खाकी चिकटपट्टी आणि पेन दाराशीच ठेवलेलं, आणि तीच चिकटपट्टी प्रत्येकाच्या भांड्याच्या बुडाला. हे मी तिसऱ्या पॉटलकनंतर सुरू केलं. कारण जेवण दोन तासांत संपतं, पण भांडी परत पोचवायला आम्हाला महिना लागला होता. आणि परत करायची म्हणजे नुसती थोडीच करता येतात, आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, मग त्यात काहीतरी घालायचं, किमान साखर, मग ती समोरची परत काहीतरी पाठवणार तिच्या डब्यात, मग तो डबा परत करायचा. एका मैत्रिणीशी माझं असं आठ महिने चाललं होतं. शेवटी तिच्याकडे चिवडा आणि माझ्याकडे तिचा डबा अशा अवस्थेत आम्ही तह केला. आता नियम आहे, भांडं त्याच रात्री घरी, उरलेलं त्यातच.

या वेळी सगळं गेलं. फक्त एक सोडून. माझ्याकडे एक पितळी पातेलं आहे, पहिल्या पॉटलकपासूनचं, म्हणजे गुलाबजामांच्या काळातलं. आतून कल्हई उडालेली, कानाला जरा चेपलेलं, आणि काठावर टिंबाटिंबांनी कोरलंय, "मामाकडून सप्रेम भेट, १२.५.१९८७". नाव जिथे असेल तिथे नेमकं घासून घासून पुसलं गेलंय. चार वर्षांत सगळ्यांना दाखवून झालं, प्रत्येक जण म्हणतं आमचं नाही. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात लग्न झालेली तुमच्यापैकी कुणाची आई, सासू, काकू असेल तर जरा विचारा. गेल्या आठवड्यात मी त्याला कल्हई करून आणलीये, आणि आत साखर घालून ठेवलीये.